दुसरं माणूस

४ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद लिहावा की नाही, यावर बराच वेळ पेन चावत बसले. शेवटी लिहिते. घ्यायचा तर घ्या, नाहीतर पाकिटातच राहू द्या.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही ठेवून देता. मागे ड्रायर चालू असतो, म्हणजे तुमचं काम चालू असतं, म्हणजे तुम्ही ठीक आहात. तेवढ्यावर समाधान मानून आता पत्राकडे वळले. पत्र निदान मध्येच तोडता येत नाही.

तुमच्या दादांचं तुमच्या कानावर आलंच असेल. आपल्या सलूनच्या गिऱ्हाइकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुम्हीच म्हणायचात. तरी माझ्याकडून ऐका. आजाराचं नाव एएलएस. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आधी उजवा हात गेला, मग डावा, मग पाय, गेल्या वर्षी जीभ. डोकं जिथल्या तिथे आहे. ऐकू येतं, समजतं, नाकावर माशी बसलेली कळते, उडवता येत नाही. डॉक्टरांनी यावर औषध नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ह्यांना अजून बोलता येत होतं. विचारलं, "मग तुम्ही काय करता?" डॉक्टर म्हणाले, "सोबत करतो." बाहेर आल्यावर हे मला म्हणाले, "सोबतीला एवढी डिग्री कशाला लागते गं?"

सोबत करतात, हे मात्र खरं आहे. सरकारचं सहाय्य केंद्र आहे. बटणावर वरखाली होणारी खाट, माणूस उचलायचा पाळणा, कफ ओढायचा पंप, सगळं त्यांनी वापरायला दिलंय. सकाळी एक मदतनीस येतो, अंघोळ घालतो, कूस बदलतो. आठवड्याला सिस्टर येतात. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी अक्षरांचा एक पारदर्शक फळा दिलाय. मी ओळ म्हणायची, मग अक्षर म्हणायचं. दादांनी वर पाहिलं तर हो, डोळे मिटले तर नाही. आमचा संसार आता असा बोलतो. भांडतोसुद्धा. पण त्यांचा एक टोमणा पुरा होईतो माझा राग निघून जातो, त्यामुळे भांडणात मजा राहिली नाही.

आता मुद्द्याचं. त्यांचा श्वास कमी पडायला लागलाय. तोंडावर मास्क असतो, आता दिवसाही लागतो, आणि तो फार दिवस पुरणार नाही. पुढचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि ती यंत्राला जोडायची. तसं केलं तर माणूस काही वर्षं राहतो. यंत्र केंद्र देतं, पण घरी द्यायला त्यांची एक अट आहे. घरात शिकवून तयार केलेली दोन माणसं हवीत. नळीत कफ अडकला तर लगेच ओढावा लागतो, नाहीतर खेळ खलास. म्हणून एक झोपलं की दुसरं जागं हवं. दुसरं माणूस नात्यातलंच हवं असं नाही, पण घरात नाहीतर हाकेच्या अंतरावर हवं, आणि त्याने तसं सही करून द्यायला हवं. दुसरं माणूस नसेल तर नळी घालून दूरच्या सरकारी वॉर्डात कायमचं ठेवतात. तिथे दादा जाणार नाहीत. घरी जमलं तर नळी, नाहीतर नको, असं त्यांनी फळ्यावर सांगून टाकलंय.

ते दुसरं माणूस म्हणजे तुम्ही. आम्हाला मूल नाही. शेजाऱ्यांना विचारून पाहिलं. वर्षानुवर्षं उधारीवर डोकं करून घेणारा वरचा माणूस म्हणाला, त्याला कफ बघवत नाही. त्याची बायको म्हणाली, काही लागलं तर हक्काने सांगा. मी जे लागतंय तेच सांगत होते.

त्या दिवशीचं मी विसरलेले नाही. गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली आणि तुम्ही सगळ्यांदेखत दादांच्या हातातला वस्तरा काढून घेतलात. "दादा, तुझा हात गेलाय, घरी बस," म्हणालात. त्यांना वाटलं, तुम्ही दुकान घशात घालायला बघताय. ज्या भावाला आईबापामागे वाढवलं त्याला ते आयत्या बिळावरचा नागोबा म्हणाले, आणि तुम्ही पिशवी भरून निघालात. आता डॉक्टर सांगतात, आजाराची सुरुवात तीच होती. म्हणजे सगळ्यात आधी तुम्हालाच कळलं होतं.

हे पत्र त्यांनीच लिहायला सांगितलंय. दुकानाचं शटर खाली आहे, पण खुर्च्या आणि आरसे जागच्या जागी आहेत. दिवसा धंदा करा, आपण पाळ्या लावून घेऊ. या.

तुमची वहिनी

२६ फेब्रुवारी

भाऊजी,

पोचपावती आली. सही तुमचीच, शेवटी शेपूट ओढलेली. पत्र मिळालं, उत्तर नाही. दोघे भाऊ एकाच माळेचे मणी. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा बोलत नाही.

इकडे केंद्राच्या समन्वयक बाई येऊन गेल्या. त्या सगळ्या फायली हाताळतात म्हणून मी मनातल्या मनात त्यांना फायलीवाल्या बाई म्हणते. बाई वाईट नाही, पण प्रश्न सुईसारखा विचारते. "दुसऱ्या व्यक्तीचं काय ठरलं?" मी म्हटलं, "ठरलंय ना. धाकटे दीर येऊन राहणार आहेत." नाव विचारलं, मी तुमचं सांगितलं. कधी येणार विचारलं, मी म्हटलं आलेच समजा. जिभेला हाड नसतं म्हणतात, आणि आमच्या घरात जीभ आता एकच उरली आहे, तेव्हा तिला दोघांचं काम पडतं.

बाई म्हणाल्या, "मग त्यांची झोपायची जागा दाखवा पुढच्या वेळी." म्हणून मी बाहेरच्या खोलीत तुमची जुनी खाट लावली. चादर घातली, उशी ठेवली, खुंटीला दुकानातला तुमचा ॲप्रन अडकवला. पुढच्या फेरीला बाईंनी गादी हाताने दाबून पाहिली, तिथून दादांची खाट दिसते का पाहिलं आणि फायलीत लिहून घेतलं. मला विचारलं, "तुम्ही विसाव्याचा आठवडा का घेत नाही? आम्ही त्यांना आठवडाभर वॉर्डात सांभाळू, तुम्ही झोपा." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय, मी ठणठणीत आहे.

खोटं बोलले, हे मला कळतं. पण भाऊजी, आता तुम्ही आलात की ते खोटं राहणार नाही. त्या गादीवर फक्त तुम्ही येऊन पडायचंय.

आठ मार्चपासून प्रशिक्षण आहे. तुमच्या वाटचं मला शिकता येणार नाही, दोघांची वेगळी परीक्षा घेतात.

वहिनी

१९ मार्च

भाऊजी,

प्रशिक्षण संपलं. मी एकटीच गेले. तिथल्या सिस्टरना सांगितलं, दिरांचं काम सुटत नाहीये, ते पुढच्या तुकडीत बसतील. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तिथे एक रबरी बाहुला आहे, माणसाएवढा. गळ्यात भोक, भोकात नळी. सिस्टर कुठूनतरी घट्ट रंगीत पाणी सोडतात, तो बाहुला गुरगुरायला लागतो, आणि आपण पंपाची बारीक नळी आत घालून ते ओढायचं. जास्त खोल गेलं तर आतून रक्त येतं, कमी गेलं तर कफ राहतो. नळीच निसटली तर फुगा दाबून श्वास द्यायचा आणि मदतीला हाक मारायची. मी हाक मारली. सिस्टर म्हणाल्या, "छान. आता घरी ही हाक कोण ऐकणार?" त्या सगळ्यांनाच हे विचारत होत्या. माझ्या मेलीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं तपासली, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, तिथे कधी रडले नाही. बाहुल्यासमोर रडले.

परीक्षेत पास झाले. तुमच्या नावापुढे गैरहजर आहे.

एक सांगायचं राहिलंय. पहिल्या पत्रात मी एक थाप मारली होती. पत्र लिहायला त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. आता माहीत आहे, कारण मदतनिसाने त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा दारातून तुमची खाट दिसली. फळा मागितला. "कोण?" मी म्हटलं, भाऊजी येणार आहेत. डोळे मिटले. मिटले म्हणजे नाही. मी म्हटलं, नाही काय नाही, पत्र घातलंय, येतील. संध्याकाळी परत फळा मागितला आणि एकच शब्द लावला, "दाढी."

मदतनिसाला फक्त मशीन फिरवायची परवानगी आहे, आणि त्यांना मशीनचा तिटकारा, तुम्हाला ठाऊक आहे. मग मीच ब्लेड घेतलं. तुम्ही पाहिलं असतं तर माझी बिनपाण्याने केली असती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. आरसा धरला तर त्यांनी आधी स्वतःकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसले. हसणं आता डोळ्यांच्या कडेलाच काय ते दिसतं.

त्या दिवसापासून त्यांना दाराकडेच कूस हवी असते. सिस्टर म्हणतात, कूस बदलायलाच हवी, नाहीतर कातडी फाटेल. बदलली की डोळे मिटून घेतात.

आठ एप्रिलला केंद्राची समिती घरी येणार आहे. त्या दिवशी तरी घरात असा. पुढचं पुढे बघू.

वहिनी

११ एप्रिल

भाऊजी,

झालं. तुमच्या दादांनी स्वतःच्या हाताने, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी, पायावर धोंडा पाडून घेतला. सविस्तर सांगते, तुमचा त्यात वाटा आहे.

तिघं आले. डॉक्टर, फायलीवाल्या बाई आणि बोलणं शिकवणाऱ्या बाई. मी म्हटलं, दीर कामावर गेलेत, सकाळची गिऱ्हाइकं असतात. फायलीवाल्या बाईंनी ते लिहून घेतलं. मग डॉक्टर म्हणाले, "आता तुम्ही जरा बाहेर थांबा." नियमच आहे तसा. नळीबद्दल रुग्णाचं मत घेताना फळा घरच्या माणसाने धरायचा नाही. घरची माणसं शब्द अर्ध्यातच ओळखतात आणि पुढचा आपल्या मनाचा लावतात. मी लावत नाही असं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ऐकू यावं म्हणून नळ बंद केला. डॉक्टरांनी विचारलं, "गळ्यातली नळी आणि यंत्र, हे तुम्हाला हवंय?" मग फळा धरलेल्या, बोलणं शिकवणाऱ्या बाईंचा आवाज, "वर पाहिलं. हो." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, यात काय काय सोसावं लागेल ते सगळं सांगून. "परत वर पाहिलं. हो." भाऊजी, इतके दिवस मी हे गृहीत धरून चालले होते. पण त्यांना जगायचंय, हे भिंतीपलीकडून ऐकताना मी ओट्याला धरून उभी राहिले.

मग विचारलं, "पत्नीबरोबर दुसरी व्यक्ती कोण असेल?" बाई ओळी म्हणायला लागल्या. "पहिली ओळ. क?" वर पाहिलं असावं, कारण त्या थांबल्या. तुमच्या नावात क नाही. "कोणी नाही," बाईंनी सावकाश जुळवून वाचलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचे भाऊ इथे राहतात ना?" पुन्हा पहिली ओळ, पुन्हा अक्षरं, एकेक, एकेक. आत जाऊन तो फळा फोडावा असं वाटत होतं. बाईंनी जुळलेलं वाचलं, "खाट खोटी."

कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. फायलीवाल्या बाईंनी एक ओळ खोडली. डॉक्टर स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "तुम्ही आज काही खाल्लंय का?" मी म्हटलं, "तुम्ही खा माझं डोकं."

निर्णय असा. दुसरं माणूस नाही, म्हणून घरी नळी नाही. वॉर्ड नको असेल तर मास्क आहे तोवर मास्क, आणि पुढे त्रास वाटू नये म्हणून औषधं. महिनाअखेरपर्यंत दुसरं माणूस खरंच येऊन उभं राहिलं, तर फाईल पुन्हा उघडतील. हे फायलीवाल्या बाईंनी दारात जाताना दोनदा सांगितलं.

महिनाअखेरपर्यंत, भाऊजी.

१७ एप्रिल

मागचं पत्र रागात होतं, सहीसुद्धा करायची राहिली.

समिती गेल्यावर मी ह्यांच्याशी अबोला धरला. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी अबोला कसा धरतात, ते सांगते. फळा हातात घ्यायचाच नाही. मी औषधं दिली, पोटातल्या नळीतून जेवण दिलं, कफ ओढला, पाठ पुसली, पण फळा कपाटावर ठेवला. ते कपाटाकडे बघत राहिले. शेवटी मदतनिसाने तो काढला आणि माझ्या हातात दिला. "ताई, भांडायचं तर त्यांनाही भांडू द्या," म्हणाला.

मी म्हटलं, "का केलंत असं? जगायचंय म्हणालात, आणि जगायची वाट स्वतःच बुजवलीत?" त्यांनी जे सांगितलं त्याला अख्खी दुपार लागली. मी एकही शब्द मनचा लावला नाही. जसंच्या तसं देते.

"त्याचे हात चालतात. माझ्या नळीला बांधू नको."

मी म्हटलं, इतका पुळका होता तर बोलावून घ्यायचा होता ना, हात चालत होते तुमचे तेव्हा. त्यावर म्हणाले,

"वस्तरा काढला ते बरं केलं. कानानंतर गळा होता."

त्या गिऱ्हाइकाची दाढी चालू होती, तुम्हाला आठवत असेल. मला ते तोवर कधी सुचलंच नव्हतं. कान कापला तेव्हा हाताला पकड राहिलेली नाही, हे त्यांना स्वतःला कळलं होतं, आणि तरी हात पुढे गळ्याकडे चालला होता. तुम्ही वस्तरा काढून घेतला नसता तर काय झालं असतं, ते त्यांना त्याच घटकेला कळलं होतं. आणि त्याच घटकेला त्यांनी तुम्हाला नागोबा म्हटलं. मी विचारलं, हे भाऊजींना कळवू? डोळे मिटले, घट्ट. मी म्हटलं, ते आले असते तर? म्हणाले, "परत पाठवला असता." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

कळवू नको म्हणाले, म्हणजे कळवायलाच हवं. त्यांना दाराकडची कूस अजून लागते, हेही कळवते. परत पाठवायला त्यांच्याकडे आहे काय? ना हात, ना आवाज. डोळे मिटतील फार तर. मिटू देत. तुम्ही आत या.

वहिनी

३ मे

भाऊजी,

तुम्हाला निरोप पाठवणारी मीच होते, तेव्हा बातमी लिहायची गरज नाही. काय झालं तेवढं लिहिते.

महिना संपायच्या आधीच छातीत कफ भरला. डॉक्टर घरी आले. त्यांनी पुन्हा विचारलं, वॉर्ड? डोळे मिटले. मग औषध सुरू केलं, घुसमट वाटू नये म्हणून. दोन दिवस झोपल्यासारखे होते. दुपारी मदतनीस आणि मी कूस बदलत होतो, तो म्हणाला, "ताई, थांबा." यंत्र मास्कमधून हवा सोडतच होतं, त्यामुळे छाती हलत होती. मला आधी कळलंच नाही.

तुम्ही आलात. सगळ्यांच्या मागे उभे राहिलात. गाडीत ठेवताना डोक्याच्या बाजूने तुम्ही धरलंत, मी पाहत होते. हात चांगले आहेत तुमचे. ते खरंच सांगत होते. मग घरात पाऊल न टाकता, माझ्याकडे न बघता गेलात.

दोन माणसं लागत होती तेव्हा आला नाहीत. चार लागतात तेव्हा बरोबर आलात. एवढंच माझं म्हणणं आहे. हे शेवटचं पत्र.

२१ जून

भाऊजी,

शेवटचं म्हटलं होतं. काय करणार, मोडला माझा शब्द.

केंद्राची गाडी येऊन खाट, पाळणा, पंप, सगळं घेऊन गेली. भिंतीवर खाट घासल्याची रेघ राहिली आहे. मी कारखान्यात परत जाऊ लागले, अर्धाच दिवस. बाकी वेळ झोपते. इतकी झोप माझ्यात कुठे साठली होती कोण जाणे. दुपारी पडते ती दिवे लागल्यावर उठते, आणि उठून पहिल्यांदा पंप कुठे आहे ते शोधते.

गाडीबरोबर फायलीवाल्या बाई आल्या होत्या. सही घेताना म्हणाल्या, "तुम्ही प्रशिक्षण पूर्ण केलंय. या भागात अशी माणसं जवळजवळ नाहीतच. कुणाला गरज पडली तर तुमचा पत्ता देऊ का?" मला त्या दिवशी कुणी काहीही विचारलं असतं तरी मी मान हलवली असती. हलवली.

गेल्या महिन्यात एक पत्र आलं. आपल्याच भागातल्या एका बाईचं, घर आपल्या मागच्याच रस्त्यावर. तिची मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची. तिला हाच आजार आहे, तुमच्या दादांपेक्षा कितीतरी लहान आहे. नळी हवी म्हणालीय. घरात ही आई एकटी. अक्षर नेटकं आहे, खाडाखोड नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग उतरवलं असणार. कुठेही गयावया नाही. लिहिलंय, दिवसभराचं सगळं मी करीन, तुम्ही फक्त मी झोपेन तेवढा वेळ यावं. तुमच्या यजमानांबद्दल ऐकलं, या वेळी हे विचारणं बरं नव्हे हे समजतं, पण मुलीकडे वेळ नाही. समिती जूनअखेर येणार आहे, असंही लिहिलंय.

मी उत्तर दिलेलं नाही.

कारखान्याची वाट त्या रस्त्यावरून आहे. मी हल्ली वळसा घालून जाते. आज लिहू, उद्या लिहू म्हणते. एकदा कागद घेऊन बसले आणि वाणसामानाची यादी करून उठले. बाई वाट बघत असेल, पोस्टमन दिसला की उठून दाराशी येत असेल, हे मला कुणी सांगायला नको. त्या मुलीने दाराकडे कूस मागितली असेल का, हेही मनात येतं. मग मी झोपते.

तुम्ही माझी पत्रं फाडली असतील, न वाचता टाकली असतील, असं मी धरून चालले होते. तसं समजणं सोपं होतं, रागाला बरं पडायचं. आता कळतं की तुम्ही ती वाचली. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा वाचली असतील. मला त्या बाईचं पत्र पाठ झालंय.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. स्वयंपाकघरात उभी असताना फळा धरणाऱ्या बाईंनी "कोणी नाही" असं वाचलं, तेव्हा मला राग आला हे खरं आहे. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं होतं. यांना जगायचंय हे नुकतंच ऐकलं होतं, आणि तरी वाटलं. मग राग आला, आणि तो मी त्यांच्यावर काढला, तुमच्यावर काढला, फळ्यावर काढला. हो लिहिलं तर दुसऱ्याच्या लेकीचा श्वास माझ्या हातात येईल, आणि मला माझे हात आता माहीत आहेत. नाही लिहिलं तर काय होतं, तेही मला माहीत आहे. ते मी शेवटपर्यंत पाहिलंय.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. अजून तुमचा राग येतो. फक्त तो पूर्वीसारखा नुसता तुमच्यावर राहत नाही.

समितीला अजून थोडे दिवस आहेत. कागद समोर आहे. वर त्या बाईचं नाव घालायला घेतलं होतं, हात तिथेच थांबला. तिला काय लिहायचं ते येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

वहिनी